पुनर्भेटीची नीती : 'उत्तररामचरित' आणि 'स्मृतिचित्रे'

१

प्रेमिकांच्या दुराव्याचा विचार संस्कृत काव्यशास्त्राने मोठ्या बारकाईने केला आहे. विश्वनाथाच्या 'साहित्यदर्पणा'त विप्रलंभ शृंगाराचे पूर्वराग, मान, प्रवास आणि करुण असे चार प्रकार सांगितले आहेत. मान दूर करण्यासाठी साम, भेद, दान, नती, उपेक्षा आणि रसांतर असे सहा उपायही तेथे नोंदविलेले आहेत. ही व्यवस्था वरवर परिपूर्ण वाटते. तथापि तिच्यात एका अवस्थेला जागा नाही. वर्षानुवर्षे एकत्र राहिलेल्या पतिपत्नींपैकी एकाने दुसऱ्यावर खरोखरीच अन्याय केला, त्या आघाताने दुसऱ्याचे मन मुळापासून हादरले, आणि तरीही दोघांना पुन्हा एकत्र यावयाचे असेल, तर त्या अवस्थेला काय म्हणावे, याचे उत्तर या वर्गीकरणात सापडत नाही.

तिला 'मान' म्हणता येणार नाही. मानाच्या कल्पनेत असे गृहीत धरलेले असते की, रुसव्याच्या थराखाली प्रेम अक्षत आहे. थर दूर झाला की ते आपोआप वर येईल. सहाही उपायांचा रोख नायिकेची मनःस्थिती बदलण्याकडे आहे. नायकाने जे केले त्याचा जाब त्याने द्यावा, असे त्यांपैकी एकही उपाय सांगत नाही. 'नती' म्हणजे पायांवर लोळण घेणे या अपेक्षेच्या सर्वांत जवळ येते. परंतु तीही एक मुद्राच असते, कबुली नव्हे.

ही उणीव केवळ काव्यशास्त्राची नाही. मराठी भाषकाच्या रोजच्या नीतिव्यवहारातही ती दिसते. 'भांड्याला भांडे लागायचेच' या म्हणीत आघाताला घर्षणाच्या पातळीवर आणून ठेवलेले असते, तर 'झाले गेले गंगेला मिळाले' या वाक्प्रचारात स्मृतीचे विसर्जन हीच समेटाची अट मानलेली असते. पहिल्या उक्तीत अन्याय नाहीसा होतो, दुसरीत अन्याय झालेली व्यक्ती. अशा वेळी विवेचकापुढे प्रश्न उरतो तो असा: विस्मृतीचा आधार न घेता, अन्यायाला अन्याय म्हणून ओळखूनच प्रेम आणि विश्वास यांची पुन्हा उभारणी होऊ शकते काय? आणि होत असेल, तर ती इष्ट आहे काय?

या प्रश्नाचा विचार येथे दोन कृतींच्या आधारे केला आहे. एक भवभूतीचे 'उत्तररामचरित', आठव्या शतकातील सात अंकी नाटक; दुसरी लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे', १९३४ ते १९३६ या काळात भागशः प्रसिद्ध झालेले आत्मकथन. काळ, वाङ्मयप्रकार आणि हेतू या तिन्ही दृष्टींनी या कृती परस्परांपासून दूर आहेत. त्यांना जोडणारा दुवा आघाताच्या स्वरूपात आहे.

२

प्रथम 'पुन्हा एकत्र येणे' या शब्दप्रयोगातील संदिग्धता दूर करावयास हवी. कायद्याच्या भाषेत या क्रियेला एक नाव आहे: वैवाहिक हक्कांची पुनर्स्थापना. १८८४ मध्ये दादाजी भिकाजी यांनी रखमाबाईंविरुद्ध मुंबईच्या उच्च न्यायालयात याच स्वरूपाचा दावा लावला. १८८५ मध्ये न्यायमूर्ती पिन्ही यांनी तो फेटाळला. १८८७ मध्ये न्यायमूर्ती फॅरन यांनी रखमाबाईंना पतीकडे जाण्याचा अथवा सहा महिन्यांचा कारावास भोगण्याचा आदेश दिला. १८८८ मध्ये पैशांच्या तडजोडीने प्रकरण मिटले. ही तरतूद पुढे १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याच्या नवव्या कलमात आली. १९८३ मध्ये आंध्र प्रदेश उच्च न्यायालयाने ते कलम घटनाबाह्य ठरविले, तर १९८४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते वैध ठरविले.

या इतिहासातून एक तात्त्विक मुद्दा निघतो. ज्याची 'पुनर्स्थापना' आदेशाने होऊ शकते, ते सहवास्तव्य आहे, विश्वास नव्हे. विश्वास ही हक्काने मागावयाची वस्तू नाही, कारण हक्काने मिळालेला विश्वास हा अनुपालनाचा एक प्रकार ठरतो. ॲनेट बायर यांनी १९८६ मधील आपल्या निबंधात विश्वास आणि निव्वळ अवलंबन यांतील भेद स्पष्ट केला आहे. ज्याच्यावर विश्वास टाकला त्याच्या हातून आपली हानी होऊ शकते, हे आपण स्वीकारतो. परंतु तो ती करणार नाही, या त्याच्या सद्भावावर आपण विसंबतो. अवलंबनात सद्भावाची गरज नसते. घड्याळावर आपण विसंबतो. ते बिघडले तर चडफडतो, पण घड्याळाने दगा दिला असे गंभीरपणे म्हणत नाही. माणसाच्या बाबतीत मात्र 'दगा' हा शब्द येतो, याचे कारण तेथे सद्भावाचा भंग झालेला असतो.

संस्कृतात 'विश्वास' हा शब्द 'श्वस्' या धातूपासून सिद्ध होतो. मोकळा श्वास घेता येणे, हा त्याचा मूळ भाव. दुसऱ्याच्या सान्निध्यात सावध न राहता श्वास घेता येणे म्हणजे विश्वास, असे म्हटल्यास दांपत्यातील आघाताचे स्वरूपही उमगते. आघातानंतर नाते कदाचित टिकते, संसार चालतो, सण साजरे होतात. सावधपणा मात्र संपत नाही.

३

'उत्तररामचरिता'च्या पहिल्या अंकात भवभूतीने विश्वासाची जी प्रतिमा उभी केली आहे, ती या व्युत्पत्तीशी विलक्षण जुळते. गतायुष्याची चित्रे पाहून थकलेली, गर्भभाराने श्रांत झालेली सीता रामाच्या बाहूवर डोके ठेवून झोपी जाते. ती झोपेत असतानाच दुर्मुख लोकापवादाची वार्ता आणतो. राम तिच्या त्यागाचा निर्णय घेतो. आणि तिच्या डोक्याखालचा हात काढून घेतो. सीतेवर झालेला अन्याय त्यागाने सुरू होत नाही. तो त्याआधीच, तिच्या आयुष्याचा निर्णय ती झोपेत असताना घेतला जातो त्या क्षणी झालेला असतो. तिला विचारले असते तर कदाचित तिने वनवास पत्करलाही असता. प्रजेसाठी काय सोसावे लागते, हे तिला शिकवावे लागले नसते. परंतु निर्णयाच्या प्रक्रियेतून ती वगळली गेली. हे वगळले जाणे, हाच आघात.

पुराव्याचा प्रश्नही येथेच निकालात निघतो. अग्निदिव्य होऊन गेलेले आहे. सीतेच्या शुद्धीविषयी रामाला शंका नाही, आणि तरीही तो तिचा त्याग करतो. म्हणजे निर्णायक पुराव्यानेही विश्वासाचे रक्षण झाले नाही. याचा व्यत्यासही खरा असला पाहिजे: पुढे जो विश्वास पुन्हा निर्माण होईल, तोही केवळ पुराव्यातून निर्माण होणार नाही.

तिसऱ्या अंकातील भवभूतीची योजना या दृष्टीने पाहण्यासारखी आहे. बारा वर्षे लोटली आहेत. भागीरथीच्या प्रभावाने अदृश्य झालेली सीता तमसेसह पंचवटीच्या परिसरात येते. रामही तेथे येतो, पूर्वपरिचित स्थळे पाहून मूर्च्छित होतो, आणि सीतेच्या स्पर्शाने सावध होतो. ती त्याला दिसत मात्र नाही. वासंती त्याला सीतात्यागाबद्दल बोल लावते. तो जे बोलतो ते सीतेला उद्देशून बोललेले नसते. ती ऐकते आहे, हे त्याला ठाऊकच नसते.

या अदृश्यतेकडे नाट्यचमत्कार म्हणून पाहिले जाते. तिचे नैतिक कार्य मात्र अधिक महत्त्वाचे आहे. जखमी विश्वासाचे एक लक्षण असे की, समोरच्याचे प्रत्येक वाक्य आपल्यासाठी रचलेले आहे, असा संशय त्याला येत राहतो. पश्चात्तापाचे शब्द जितके उत्कट, तितका संशय अधिक. सीतेला जे ऐकावयास मिळते ते या संशयाच्या पलीकडचे आहे. अश्वमेधात सहधर्मचारिणी म्हणून राम सीतेचीच सुवर्णप्रतिमा मांडणार आहे, हे कळल्यावर परित्यागाचे शल्य उपटले गेल्याची भावना ती व्यक्त करते. हे शल्य निघण्यामागचे कारण अचूक आहे. तिच्या अनुपस्थितीतही तिची जागा रिकामी ठेवली गेली होती आणि ती कुणाला दाखविण्यासाठी नव्हती, हे तिला कळले. विश्वासाला आधार लागतो तो अशा अप्रदर्शित सद्भावाचा.

वास्तवातील दांपत्यांना अदृश्य होण्याची सोय नसते. तरीही सीतेच्या अदृश्यतेला एक लौकिक पर्याय आहे, आणि तो म्हणजे काळ. दीर्घकाळ कुणालाही सतत अभिनय करता येत नाही. वर्षानुवर्षांच्या सामान्य दिवसांत, कुणी पाहत नाही असे वाटत असताना केलेली कृती जोडीदाराला कधी ना कधी दिसतेच. भवभूतीने बारा वर्षांचे जे एका अंकात केले, तेच संसारात बारा वर्षे घेऊन घडते.

नाटकाच्या शेवटाबाबत मात्र समीक्षकाला हात आखडता घ्यावा लागतो. सातव्या अंकात वाल्मीकीने रचलेले नाटक जनसमुदायासमोर सादर होते, अरुंधती पौरजनांना सीतेच्या स्वीकाराविषयी विचारते, ते मान तुकवितात आणि पुनर्मीलन घडते. लोकांमुळे झालेल्या त्यागाचे परिमार्जन लोकांसमोर व्हावे, ही योजना सुसंगत आहे. परंतु पहिल्या अंकात ज्या प्रश्नातून सीता वगळली गेली, त्या प्रश्नातून ती सातव्या अंकातही बव्हंशी वगळलेलीच राहते. संमती विचारली जाते ती प्रजेची. सीतेचे मन तिसऱ्या अंकात वळले आहे हे प्रेक्षकाला माहीत असल्यामुळे ही उणीव खुपत नाही, इतकेच.

४

'स्मृतिचित्रे'कडे वळताना आघाताची हीच आकृती पुन्हा समोर येते. लक्ष्मीबाईंचा विवाह १८८० मध्ये, वयाच्या बाराव्या वर्षाच्या आसपास, नारायण वामन टिळकांशी झाला. टिळकांचा स्वभाव लहरी आणि तापट. न सांगता घरातून निघून जाणे ही त्यांची सवय. १० फेब्रुवारी १८९५ रोजी त्यांनी मुंबईत ख्रिस्ती धर्माची दीक्षा घेतली. पत्नीला विश्वासात न घेता घेतलेला हा निर्णय होता. लक्ष्मीबाई त्या वेळी सव्वीस वर्षांच्या होत्या आणि पदरी लहान मुलगा होता. त्या काळच्या ब्राह्मणी समाजात या घटनेचा अर्थ पती जिवंत असताना संसार संपणे, असाच होता.

राम आणि टिळक यांच्यात एक साम्य आहे आणि तेच या चर्चेतील अवघड स्थळ आहे. दोघांनीही क्षुद्र स्वार्थासाठी पत्नीला दुखावलेले नाही. एकाच्या मागे राजधर्म आहे, दुसऱ्याच्या मागे सदसद्विवेक. टिळकांनी धर्मांतराबद्दल पश्चात्ताप करावा, अशी मागणी करणे म्हणजे त्यांच्या श्रद्धेचा अधिकार नाकारणे होय. मग क्षमा कशाची मागावयाची आणि कशाची करावयाची? येथे कृती आणि कृतीची रीत यांत भेद केला पाहिजे. धर्मांतर ही टिळकांची स्वतःची बाब होती. त्याचे परिणाम जिच्या आयुष्यावर व्हावयाचे होते तिला अंधारात ठेवणे ही त्यांची एकट्याची बाब नव्हती. उदात्त हेतू कृतीचे समर्थन करू शकतो, मौनाचे नाही. उदात्त हेतूपोटी झालेला आघात अधिक खोल जातो, असेही म्हणता येईल. कारण त्याविरुद्ध तक्रार करणाऱ्यालाच संकुचित ठरविले जाण्याची भीती असते.

पुढच्या सुमारे पाच वर्षांत जे घडले, ते 'पुनर्स्थापना' या शब्दात मावणारे नाही. १८६६ च्या कायद्याने ख्रिस्ती झालेल्या व्यक्तीला, धर्मांतरामुळे सोडून गेलेल्या जोडीदाराविरुद्ध सहवासासाठी न्यायालयात जाण्याची आणि नकार कायम राहिल्यास विवाहविच्छेद मिळविण्याची वाट खुली केली होती. या दांपत्याची कथा त्या वाटेने गेली नाही. काही काळ लक्ष्मीबाई पंढरपुरात बहिणीच्या आधाराने राहिल्या. त्यानंतर त्या टिळकांजवळ नगरच्या परिसरात आल्या त्या स्वतःच्या अटींवर: सोवळे-ओवळे सांभाळून, स्वयंपाकपाणी वेगळे ठेवून. बाहेरून पाहणाऱ्याला हे कर्मठपण वाटेल. विश्वासाच्या दृष्टीने पाहिले तर ती वेगळी चूल म्हणजे एक सीमारेषा होती. 'जवळ येईन, पण गिळली जाणार नाही', हा तिचा अर्थ. टिळकांनी ती चूल चालू दिली, हे त्यांच्या बाजूने महत्त्वाचे कृत्य. ज्याने एकदा पत्नीचा विचार न घेता पाऊल उचलले होते, तो आता तिच्या पावलांची गती स्वीकारीत होता.

जुडिथ हर्मन यांनी १९९२ मधील आपल्या ग्रंथात मानसिक आघातातून सावरण्याचे तीन टप्पे सांगितले आहेत: सुरक्षितता, स्मरण व शोक, आणि पुन्हा माणसांत येणे. पहिल्या टप्प्याशिवाय पुढचे टप्पे संभवत नाहीत. वेगळी चूल हा लक्ष्मीबाईंचा पहिला टप्पा होता, असे म्हटले तर ते पाश्चात्त्य मानसशास्त्र मराठी संसारावर लादणे ठरणार नाही. ती चूल स्वतःच तेवढे सांगते. जातिभेद हा ईश्वरकृत नसून मनुष्यकृत आहे, या निष्कर्षापर्यंत लक्ष्मीबाई पुढे पोचल्या त्या स्वतःच्या विचाराने. सोवळे सुटले ते त्यानंतर. १९०० मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पतीच्या मागोमाग गेलेली पतिव्रता, या साच्यात हा प्रवास बसत नाही. पाच वर्षे उशिरा येणे हेच त्या साच्याला दिलेले उत्तर आहे.

'स्मृतिचित्रां'च्या निवेदनातही हा नैतिक अर्थ उतरला आहे. लक्ष्मीबाई पतीचा उल्लेख 'टिळक' असा आडनावाने करतात. त्यांच्या विक्षिप्तपणाच्या हकिकती त्या विनोदाने सांगतात, पण एकही हकिकत गाळत नाहीत. झाले गेले येथे गंगेला मिळालेले नाही. ते लिहून ठेवलेले आहे. हा विनोद कडवटपणा झाकणारे पांघरूण आहे, असा आक्षेप घेता येईल. परंतु कडवटपणा झाकणारा विनोद बहुधा तपशील टाळतो, आणि येथे तपशिलांची रेलचेल आहे. दुखावल्याची आठवण शाबूत ठेवून ती सांगताना हसता येणे, ही मोकळ्या श्वासाचीच एक खूण आहे.

५

या मांडणीवर एक गंभीर आक्षेप येतो आणि तो टाळता येणार नाही. लक्ष्मीबाईंपुढे खरोखर पर्याय कोणता होता? माहेर-सासरच्या आश्रयाने परित्यक्तेचे जिणे जगणे किंवा पतीकडे जाणे, एवढेच. ज्याला निवडीचा अवकाश नाही त्याच्या समेटाला विश्वास म्हणावयाचे, की गरजेला दिलेले गोंडस नाव? स्त्रीवादी समीक्षेने मराठी आत्मचरित्रांच्या संदर्भात हा प्रश्न सातत्याने विचारला आहे, आणि तो योग्यच आहे. सुनीता देशपांडे यांच्या 'आहे मनोहर तरी' (१९९०) या पुस्तकाने दाखवून दिले की, प्रदीर्घ आणि बाहेरून यशस्वी दिसणाऱ्या सहजीवनातही पत्नीच्या बाजूचा हिशेब वेगळा असू शकतो.

आक्षेपाचा अर्धा भाग मान्य केलाच पाहिजे. विषम सत्तासंबंधात झालेला समेट संशयाने तपासला गेला पाहिजे, आणि 'तिने सांभाळून घेतले' या वाक्याने त्याची तपासणी थांबता कामा नये. परंतु पर्याय मर्यादित असणे आणि कर्तृत्व नसणे या दोन गोष्टी एक नव्हेत. समेट अवलंबनातून झाला की विश्वासातून, हे ठरविण्यासाठी तीन खुणा तपासता येतील. दुखावलेल्या व्यक्तीला उशीर करता आला काय? तिला अट घालता आली काय? आणि समेटानंतर घडलेले सांगण्याचा अधिकार तिच्याकडे उरला काय? लक्ष्मीबाईंच्या बाबतीत तिन्हींचे उत्तर होकारार्थी आहे. पुनर्मीलनानंतरच्या सीतेबाबत, निदान तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर देता येत नाही. नाटक तेथे संपते.

याच संदर्भात वाल्मीकिरामायणाच्या उत्तरकांडातील शेवट आठवतो. तेथे सभेसमोर पुन्हा शपथ घेण्याची वेळ आलेली सीता ती शपथच निरोपात रूपांतरित करते आणि भूमीत प्रवेश करते. भवभूतीने हा शेवट बदलला याचे कारण सुखान्ताचा संकेत, असे सांगितले जाते. नैतिक दृष्टीने दोन्ही शेवट एकमेकांना आवश्यक आहेत. नकार देण्याचा अधिकार जिला नाही, तिच्या होकाराला किंमत नाही. भूमीत जाऊ शकणारी सीता मागे उभी आहे, म्हणूनच परत येणाऱ्या सीतेचे परतणे हे दान ठरते. पश्चात्तापाने अन्याय करणाऱ्याला विश्वासाचा हक्क प्राप्त होत नाही. दुखावलेल्यावर विश्वास ठेवण्याचे कर्तव्यही येत नाही. विश्वास दिला जातो, किंवा दिला जात नाही.

६

हॅना आरेन्ट यांनी 'द ह्यूमन कंडिशन' (१९५८) मध्ये मानवी कृतीच्या दोन अडचणी सांगितल्या आहेत: केलेले परत घेता येत नाही, आणि पुढे काय होईल ते आधी कळत नाही. पहिलीवर क्षमा हा उपाय, दुसरीवर वचन. दीर्घ विवाहात विवाहसमयीचे वचन एकदाच दिलेले असते, आणि ते पाळले जाईल हे दोघेही गृहीत धरतात. आघातानंतर ते गृहीतक संपते. म्हणून पुन्हा उभा राहणारा विश्वास हा जुन्या विश्वासाची दुरुस्त केलेली आवृत्ती नसतो. पहिला विश्वास अजाण होता. त्याला हानीची शक्यता माहीत नव्हती. दुसऱ्याला ती माहीत आहे, नेमकी कशी आणि कुणाकडून होऊ शकते तेही माहीत आहे, आणि तरीही तो दिला जातो. त्याला 'जाणता विश्वास' म्हणता येईल. तो पहिल्यापेक्षा कमी निश्चिंत असतो. तो पहिल्यापेक्षा उणा असतो असे मात्र म्हणता येत नाही, कारण त्यात निवड असते.

टिळकांच्या संसारात या जाणत्या विश्वासाची परीक्षा संपली नव्हती. १९१७ मध्ये टिळकांनी मिशनची नोकरी सोडून ख्रिस्ती संन्यासाची वाट धरली. निघून जाण्याची त्यांची मूळ प्रवृत्ती उतारवयातही मालवली नव्हती. जाणता विश्वास समोरचा मनुष्य बदलेल या आशेवर उभा असता, तर तो तेव्हाच कोसळला असता. तो समोरच्या माणसाला पुरते ओळखून दिलेला होता, म्हणून टिकला. टिळक १९१९ मध्ये वारले. ख्रिस्ताच्या जीवनावरील त्यांचे 'ख्रिस्तायन' हे महाकाव्य प्रारंभीच्या अध्यायांनंतर अपुरे राहिले होते. जिला एके काळी अक्षरओळखही टिळकांमुळे झाली होती, जिला १८९५ च्या निर्णयाविषयी एक शब्द सांगितला गेला नव्हता, त्या लक्ष्मीबाईंनी त्यापुढील बहुतेक अध्याय लिहिले. पतीने तिला न विचारता आरंभिलेल्या वाक्याचा उत्तरार्ध तिने तिच्या शब्दांत रचला. काव्यशास्त्राच्या चार विप्रलंभांत या पुनर्भेटीला नाव नाही. तिची नोंद मात्र मराठी वाङ्मयात आहे.